तीनशे रुपयांचा टाका

आमच्या घरात पोटाला घालणारी यंत्रं दोन. एक माझं शिलाई मशीन आणि दुसरी ह्यांची जीप. मशीन माहेरून आलेलं. जीप ह्यांनी जुनी घेतलेली, थोडं कर्ज बँकेचं, थोडं माझ्या बचत गटाचं. दोन्हींचा आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. म्हणूनच २०१८ सालच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी जीप दारात थांबताना पुढून ‘कट्’ असा आवाज आला, तेव्हा मी हातातलं ब्लाऊज खाली ठेवून बाहेर आले.

‘‘अहो, हा आवाज कसला?’’

‘‘दगडबिगड आला असंल चाकाखाली.’’

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज. ब्रेक लागला की एकदा कट्, आणि मागं घ्यायला रिव्हर्स टाकला की पुन्हा एकदा कट्. आता दगड रोज रोज त्याच जागी कसा येईल? पण मी गप्प बसले. गाडीतलं बाईला काय कळतंय, हे वाक्य ऐकायची तयारी नव्हती, दुसरं काय!

तुम्हीही म्हणाल, बाईमाणसानं जीपच्या पोटात कशाला डोकं घालायचं? खरं सांगते मैत्रिणींनो, मलाही हौस नव्हती. पण ज्या गाडीच्या कर्जाच्या कागदावर आपली सही आहे, आणि ज्या गाडीत रोज दुसऱ्यांची लेकरं बसतात, त्या गाडीच्या पोटात काय चाललंय हे एकदा तरी वाकून बघावं लागतं. मला ते जरा उशिराच सुचलं.

आम्ही राधानगरीचे. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आमचं, आणि पुढं दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य. कोल्हापूरपासून ऐंशीएक किलोमीटर. १९५८ साली झालेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं अभयारण्य, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात राधानगरीही आहे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची चूल या जंगलाच्या वाटेवर पेटते. हेही त्यातलेच एक. उन्हाळ्याच्या सुट्टीत पर्यटकांना आत न्यायचं आणि पावसाळ्यात जंगल बंद झालं की गावोगावची भाडी करायची, अशी वर्षाची वाटणी.

आतली वाट म्हणजे वाट म्हणायची एवढंच. जांभ्या दगडाचे उंचवटे, पावसानं खरवडलेल्या चरी, मध्येच ओढ्याचे गोटे. सावराई सड्याकडं जाताना जीप अशी डुलते की आतल्या बायका एकमेकींच्या मांडीवर येतात. पाहुण्यांना त्याची गंमत वाटते. त्या प्रत्येक डुलण्याचा मार कुठं बसतो, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

जुन्या पद्धतीच्या जीपला पुढं एक आडवा दांडा असतो, बैलगाडीच्या आसासारखा. तो ॲक्सल. त्याच्या दोन टोकांना चाकं. गाडीचं सगळं वजन या दांड्यावर थेट नसतं, मध्ये पाटे असतात. पाटे म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. पाट्याचं पोट ॲक्सलवरच्या गादीला यू-बोल्टनं आवळलेलं असतं आणि दोन्ही टोकं चासीला अडकवलेली. आमच्या जीपमध्ये पुढचं टोक शॅकलमध्ये झुलतं, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. मागचं टोक मात्र एका पिनेवर पक्कं. ती पिन ज्या लोखंडी कानात बसते त्याला हँगर म्हणतात. ब्रेक मारला की धावत्या चाकाचा सगळा धक्का या मागच्या हँगरवर येतो. तळहाताएवढा तुकडा, पण चाक जागेवर राहतं ते त्याच्यामुळं.

आमच्या जीपचा डावीकडचा हँगर चासीपाशी तडकला होता. हे खुद्द ह्यांनाच तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसलं. गाडी धुताना चिखल निघाला आणि खाली गंजाची तांबडी रेघ दिसली, बोटभर लांब. रंगाखालून गंज अशी रेघ धरून बाहेर येतो तेव्हा बहुतेक वेळा तिथं तडाच असतो, हे नंतर कळलं. मे महिना तोंडावर आलेला. बारा दिवसांची बुकिंगं घेतलेली. हे लगेच नाक्यावरच्या एका वेल्डिंगवाल्याकडं गेले आणि तासाभरात परतही आले.

‘‘झालं?’’

‘‘टाका मारून घेतला. तीनशे रुपये.’’

मीही सुटकेचा श्वास सोडला. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला तीनशेत काम झालं याचाच आनंद झाला होता.

आवाज बंद झाला. पण आठवडा-दोन आठवड्यांत एक नवीनच गोष्ट दिसायला लागली. मी ओट्यावर काजं-बटणं करत बसते तिथून जीप सरळ समोर दिसते. डावं चाक मडगार्डात थोडं मागं बसल्यासारखं वाटायचं. शिवणाऱ्या बाईच्या डोळ्याला दोन बाजू कमी-जास्त असल्या की लगेच खुपतं, मग तो ब्लाऊजचा पुढचा भाग असो की जीपचा. शिवाय डावं टायर एका कडेनं जास्त झिजलेलं. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, ‘‘तुझी नजर म्हणजे टेप हाय काय?’’

मग मी टेपच आणली. पण माझी टेप साठ इंचांची, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत कुठली पुरायला! शेवटी सुतळी घेतली. हे जेवायला आत होते. पुढची चाकं सरळ उभी आहेत हे बघून सासूबाईंना मागच्या चाकाच्या मधोमध सुतळीचं टोक धरायला सांगितलं, मी पुढच्या चाकाच्या मधोमध ताणून धरली आणि तिथं गाठ मारली. ही झाली उजवी बाजू. तीच सुतळी डावीकडं लावली तर गाठ चाकाच्या मध्याच्या बोटभर पुढं आली. म्हणजे डावं चाक बोटभर मागं सरकलेलं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, एका अंगाला आखूड जीप म्या आजपतूर बघितली न्हवती.’’

ह्यांना बाहेर बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः सुतळी धरून बघितली. काही बोलले नाहीत. ‘उद्याचं भाडं करून मग बघतो’ एवढंच म्हणाले.

त्या उद्याच्या भाड्यात जीपमध्ये आठ माणसं होती, त्यात तीन लहान मुलं. परत येताना उतारावर समोरून एसटी आली म्हणून ह्यांनी ब्रेक मारला, आणि जीपनं आपणहून डावीकडं, चरीकडं तोंड फिरवलं. ह्यांनी स्टिअरिंग ओढून धरलं म्हणून वाचले. पाहुण्यांना काही कळलंसुद्धा नाही, ते गवा दिसल्याच्या आनंदात. हे घरी आले ते हात-पाय न धुताच ओट्यावर बसून राहिले. रात्री निजानीज झाल्यावर मला सांगितलं.

पण सकाळी उठून पुन्हा चावी शोधायला लागले! पाहुण्यांचा ॲडव्हान्स घेतलेला, हप्त्याची तारीख जवळ आलेली, ‘हळू चालवतो, परत एक टाका मारून घेतो’ वगैरे वगैरे. चावी सापडली नाही. ती माझ्या मशीनच्या खणात होती आणि मी मशीनवर शिवत बसले होते. आमच्या संसारातलं मोठं भांडण म्हणावं तर ते तेच. ‘‘हप्ता काय तू भरणार?’’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ‘‘अर्धा मीच भरतेय की!’’ सासूबाईंनी मध्ये पडून दोघांनाही चहा दिला. अकरा वाजता ह्यांनी स्वतःच फोन लावून पाहुण्यांना दुसरी जीप ठरवून दिली.

ह्यांच्या ओळखीचे एक मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत. साठी ओलांडलेली, आयुष्य जीप-ट्रकच्या चासीखाली गेलेलं. फोनवर सगळं ऐकून ते पहिलं काय म्हणाले असतील तर ‘‘चालवत आणू नका.’’ मग कोल्हापूरला रिकाम्या निघालेल्या एका ट्रकवर जीप चढवली. मीही सोबत गेले. पैसे गटातून काढलेले होते, त्यांचं काय होतंय ते मला बघायचं होतं. उद्यमनगर म्हणजे लेथ, ठोकाठोकी, ठिणग्या. साडीवाली बाई मीच एकटी. पोरांनी एक स्टूल पुसून दिलं, आणि मी चार दिवसांपैकी दोन दिवस त्या स्टुलावर काढले. रात्री मुक्काम नणंदेकडं.

मिस्त्रींनी पहिल्यांदा जीपला जॅक लावला, पण जॅकवर ठेवून खाली शिरले नाहीत. चासीखाली दोन लोखंडी घोड्या दिल्या, मागच्या चाकांना दगड लावले, हलवून बघितलं आणि मगच आत गेले. पुढचं ॲक्सल आता लोंबत होतं. त्यांनी आतूनच मला हाक मारली. ‘‘वहिनी, ह्ये बगा तुमचं तीनशे रुपये.’’

वाकून बघितलं. तडा त्या टाक्यावर नव्हता. टाका साबूत होता. त्याच्या कडेला लागून दुसराच तडा गेला होता आणि तो हँगरातून चासीच्या पत्र्यात शिरला होता. ह्यांना वाटलेलं वेल्डिंगचा रॉड हलका वापरला असेल. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. आधीच्या माणसानं रंग आणि ग्रीस न खरवडता वरूनच वेल्डिंग केलेलं, त्यामुळं ते आतपर्यंत धरलंच नव्हतं. तडा वरवर झाकला गेला, आत तसाच राहिला. वर, वेल्डिंगच्या कडेचं लोखंड तापून निवताना कडक होतं, नेमकं तिथं ताण आला की ते फाटतं. जुन्या विरलेल्या साडीला नवं जाड ठिगळ लावलं की ठिगळ राहतं आणि कडेनं साडी फाटते, बघा, तसंच.

‘‘पण आधी तडा पडलाच का?’’ मी विचारलं.

आता इथं ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण मिस्त्रींनी पाटे मोजले आणि एक जास्तीचा निघाला. आदल्या वर्षी, गाडी जरा दबते म्हणून, ह्यांनीच एक जादा पाटा घालून घेतला होता. जास्त माणसं बसावीत म्हणून. गाडी दबायची थांबली खरी, पण पाट्यांचं कामच मुळी दबणं आहे. ते दबेनासे झाले की खड्ड्याचा धक्का जिरत नाही, सरळ हँगरवर जातो. त्यात पाट्याच्या डोळ्यातला बुश झिजून गेलेला, म्हणजे लोखंडावर लोखंड आपटत होतं. आणि ॲक्सल फार वर आलं तर चासीवर आपटू नये म्हणून वर रबराचा एक ठोकळा असतो, तो डावीकडं नव्हताच. कधी पडला देव जाणे! जंगलातल्या वाटेचं एकटीचं पाप नव्हतं ते.

मग सुरू झालं खरं काम. बॅटरीच्या वायरी काढल्या. वेल्डिंगचा करंट गाडीच्या विजेच्या यंत्रणेतून फिरला तर ती जळू शकते. जवळची डिझेलची नळी बाजूला केली, वाळूची बादली आणि ओलं पोतं हाताशी. डावा पाटा उतरवला. तारेच्या ब्रशनं आणि ग्राइंडरनं सगळी जागा घासून चकचकीत केली.

आणि मग मला फार आवडलेली गोष्ट. मिस्त्रींनी एका पोराला रॉकेल आणि शाळेतला पांढरा खडू आणायला लावला. घासलेल्या जागी रॉकेल चोळलं, थोडा वेळ मुरू दिलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. बघता बघता पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडू शोषून घेतो. डोळ्याला तडा जिथं संपल्यासारखा वाटत होता, त्याच्यापुढं ही रेघ आणखी दीड-दोन इंच गेलेली! तीच पूड त्यांनी ॲक्सलवरच्या गादीलाही लावली आणि तिथं केसाएवढी एक वेगळीच रेघ निघाली, जिचा आम्हाला पत्ताही नव्हता. पुढं ठिणग्या उडणार म्हणून मग ते सगळं रॉकेल नीट पुसून, वाळवून काढलं. रॉकेलचा डबा दुकानाबाहेर ठेवायला लावला.

तड्याच्या टोकाला, रेघ संपते त्याच्या जरासं पुढं, त्यांनी ड्रिलनं बारीक भोक पाडलं. मला वाटलं, तुटलेल्या ठिकाणी आणखी भोक कशाला? तर तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, सगळा ताण त्या टोकावर जमतो आणि तडा पुढं पुढं जातो. भोकाच्या गोल कडेवर तो ताण पसरतो. कुर्त्याच्या बाजूचा चिरा जिथं संपतो तिथं आपण तिकोनी पट्टी का लावतो, ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

त्यानंतर चासीतला तडा ग्राइंडरनं कोरून काढला, इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर पाडून, तळापर्यंत. म्हणजे वेल्डिंग तळापासून भरत यायला हवं. त्यांचे रॉड एका छोट्या विजेच्या भट्टीत तापत ठेवलेले होते. हे रॉड पापडासारखे सादळतात म्हणे. दमट रॉडनं वेल्डिंग केलं की त्यातली ओल लोखंडात शिरते आणि काही तासांनी आतून चीर जाते. आमच्या राधानगरीच्या हवेत काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. वेल्डिंगची अर्थिंगची क्लिप त्यांनी घासलेल्या चासीलाच, कामाच्या अगदी जवळ लावली. पाट्याला ती कधीही लावायची नाही आणि पाट्यावर वेल्डिंगही करायचं नाही, हे त्यांनी पोराला दोनदा बजावलं. पाट्याचं पोलाद वेगळं, तापवून-विझवून स्प्रिंगसारखं केलेलं. तिथं एक ठिणगी चावली तरी तो पुढं तिथूनच मोडतो. पाटा मोडला तर बदलायचा, जोडायचा नाही.

थोडं थोडं वेल्डिंग करायचं, थांबायचं, वरची राख ठोकून साफ करायची, पुन्हा भरायचं. गरम कामावर पाणी अजिबात नाही. तापल्या बिडाच्या तव्यावर पाणी ओतलं तर काय होतं, तेच इथं.

जुना हँगर मिस्त्रींनी वापरला नाही. तो ताणून वाकडा झाला होता. नवा आणला. आता तो लावायचा कुठं? ही सगळ्यात नाजूक गोष्ट. कारण तो जिथं बसेल तिथं ॲक्सल बसणार. उजव्या बाजूची मापं घेतली, मग चासीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांमध्ये. दोन्ही तिरकी मापं सारखी आली म्हणजे चौकोन बरोबर. चादर कापताना आपण घडी तिरकी धरून बघतो, तेच. मग हँगर दोन-तीन ठिकाणी बारीक वेल्डिंग करून नुसता धरून ठेवला. मी पटकन म्हटलं, ‘‘हा पण टाकाच की!’’

मिस्त्री हसले. ‘‘टाका वाईट न्हाई वहिनी. तो जागंवर धराय असतोय. त्याच्यावर गाडी पळवायची नसती.’’

म्हणजे आमचा धावदोरा! कच्ची शिलाई घालून मापाला लावून बघायचं, बरोबर बसलं की मग पक्की टीप मारायची. नाक्यावरच्या माणसानं आम्हाला धावदोऱ्यावरच घरी पाठवलं होतं आणि आम्ही त्यावर वीस दिवस माणसं नेली होती. हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

पुन्हा मापं घेऊन मगच पक्कं वेल्डिंग झालं. चासीवर भरलेल्या तड्यावरून एक जाड पट्टी लावली, तिचे कोपरे गोल करून, दोन्ही टोकं पानासारखी निमुळती. चौकोनी पट्टी लावली की तिच्या सरळ कडेपाशी चासी पुन्हा तडकते, म्हणून. ॲक्सलच्या गादीचं काम वेगळ्या दिवशी केलं. आधी गादीचा कोन मोजून खुणा केल्या, कारण तो कोन बदलला तर स्टिअरिंग सरळ धरत नाही. वेल्डिंगही एका बाजूला इंचभर, मग दुसऱ्या बाजूला इंचभर, मध्ये निवायला वेळ देऊन. एकदम तापवलं तर ॲक्सलची नळीच वाकते. या कामाला जवळजवळ अख्खी दुपार गेली, ह्यांनी त्यात तीनदा चहा घेतला.

शेवटी तांबडा रेडऑक्साइड, वर काळा रंग. बुश नवे, पिना नव्या, रबराचे ठोकळे दोन्हीकडं नवे. यू-बोल्टही नवे, कारण एकदा ताणून आवळलेले बोल्ट पुन्हा तसे धरत नाहीत. जादा पाटे दोन्ही बाजूंचे काढले. एक बारकी गोष्ट म्हणजे हँगरच्या आणि शॅकलच्या पिनांचे नट त्यांनी गाडी घोडीवर असताना नुसते हातानं लावले आणि जीप चाकांवर उतरवून, वजन आल्यावर मग आवळले. लोंबत्या पाट्यावर आवळले असते तर नवे रबरी बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटले असते.

बिल झालं सात हजार आठशे. ट्रकचं भाडं वेगळं, बुडालेली भाडी वेगळी. गटाचा त्या महिन्याचा हप्ता मी शिलाईच्या पैशातून भरला आणि पुढच्या महिन्याचाही.

निघताना मिस्त्रींनी सांगितलं होतं, ‘‘पाचशे किलोमीटर झालं की यू-बोल्ट परत आवळायचं. इसरायचं न्हाई.’’ ते काम आम्ही घरीच केलं. हे खाली, मी बॅटरी धरून. एक नट जवळजवळ पाव फेरा आत गेला, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

जीप आता जरा दबते. आठाच्या वर माणूस घेत नाहीत हे, आणि कुणी गळ घातली तर माझ्याकडं बोट दाखवतात, ‘घरात विचारा’ म्हणून. चालेल मला.

तुमच्यापैकी कितीजणी वडापनं बाजाराला, माहेराला जात असाल. चढण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांवर एक नजर टाकत जा. एक चाक मागं बसलेलं, एकच टायर एका कडेनं खाल्लेलं, गाडी एका खांद्यावर कललेली, ब्रेक मारला की पायाखाली कट्, किंवा ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग एका बाजूला ओढून धरतोय, यातलं काही दिसलं तर त्याला सांगा. तो म्हणेल, मावशी, दगड असंल. तरी सांगा. आणि घरचीच गाडी असेल तर चिखल धुतल्यावर हँगरपाशी तांबडी रेघ शोधा.

ती सुतळी अजून आमच्याकडं चावीच्याच खिळ्याला लटकलेली असते. दर वर्षी पावसाळा सरून जंगल उघडायच्या आधी हे आपणहून म्हणतात, ‘‘आईला बोलव, माप घ्यायचंय.’’ सासूबाईंना आता खाली वाकवत नाही, मग पाटावर बसून टोक धरतात. परवा गल्लीतल्या दुसऱ्या जीपवाल्याची बायको ती सुतळी मागायला आली. मी म्हटलं, ‘‘अगं, ही आमच्या जीपची गाठ. तुमची जीप लांब आहे. तू तुझी सुतळी घे, मी येते टोक धरायला.’’